विश्लेषण : तोड आधी कुणाची? यादी संगणक लावतो, नियम माणूस लिहितो

हंगाम सुरू झाला की उंब्रज परिसरात दोनच प्रश्न ऐकू येतात. एक दराचा आणि दुसरा, ‘तुमची तोड आली का?’ दरासाठी आंदोलने होतात, महामार्ग अडवला जातो, मथळे छापून येतात. तोडीसाठी मात्र शेतकरी एकटाच गट ऑफिसला खेपा मारतो, चिटबॉयला फोन लावतो आणि मुकादमाच्या मागे फिरतो. आपला नंबर नेमका कशावरून ठरला, हे त्याला कुणी सांगत नाही. अलीकडे एक नवे उत्तर मिळू लागले आहे : ‘यादी कॉम्प्युटरनेच लावलीय.’

या उत्तराने माणूस गप्प होतो. तो गप्प होऊ नये, यासाठी हा लेख.

उंब्रज कराड तालुक्यात, पुणे-बेंगळूरु महामार्गावर आहे. इथे तारळी कृष्णेला मिळते आणि दोन्ही काठांनी ऊसच ऊस. तोड लांबली तर काय होते, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असते. पक्व ऊस रानात उभा राहिला की तुरा येतो, साखर आणि वजन उतरते. रान वेळेत मोकळे होत नाही आणि गहू-हरभऱ्याची पेरणी हुकते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तुटलेल्या उसाचा खोडवा राखू नये, असा शास्त्रज्ञांचा सल्ला असतो. म्हणजे यादीत तुमचे नाव वर आहे की खाली, यावर पुढच्या पिकाचेही गणित ठरते.

‘ह्यो माझ्या वर कसा?’

माझा पुतण्या कराडला इंजिनीअरिंग शिकतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने आमच्या भावकीतल्या आणि शेजारच्या शिवारांतल्या 46 फडांची नोंद मोबाइलवर घेतली आणि तोडीचा क्रम लावणारा प्रोग्रॅम जावामध्ये लिहिला. या यादीचा कोणत्याही कारखान्याशी संबंध नाही. घरच्या घरी केलेला उद्योग तो.

पहिली यादी छापून त्याने आमच्या थोरल्या चुलत्यांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा लावला, बोट फिरवत वाचले आणि एका ओळीवर थांबले.

‘‘आरं, ह्याची लागण ऑगस्टात झाली. माझी बेंदराच्या टायमाला. ह्यो माझ्या वर कसा?’’

‘‘आण्णा, कॉम्प्युटरनं लावलीय यादी. चुकायची न्हाई.’’

‘‘मग बेंदूर चुकला म्हणायचा.’’

बेंदूर चुकला नव्हता. अण्णांची लागण 20 जुलै 2024 ची, दुसऱ्याची 5 ऑगस्टची. पुतण्याने तारखा ‘20/07/2024’ आणि ‘05/08/2024’ अशा मजकुराच्या रूपात साठवल्या होत्या. मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेत होते. शून्य हा दोनाच्या आधी, म्हणून पाच ऑगस्ट वीस जुलैच्या आधी. प्रोग्रॅम अडला नाही, लाल अक्षरात चूक दाखवली नाही. यादी सुबक छापून आली आणि ती चुकीची होती.

तारीख वर्षापासून लिहिली, ‘2024-07-20’ अशी, तर मजकूर म्हणून तुलना केली तरी क्रम बरोबर येतो. त्याहून बरे म्हणजे तारीख ही तारीख म्हणूनच साठवावी. ही दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. खरे प्रश्न त्यानंतर सुरू झाले.

संगणक क्रम कसा लावतो?

शाळेत उंचीप्रमाणे रांग लावताना सर दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि कोण उंच ते बघायचे. संगणकही तेच करतो. एका वेळी दोनच नोंदी समोर घेतो आणि विचारतो, यातली आधी कोणती? हजार नोंदींची यादी चांगल्या पद्धतीने लावायची तर हा प्रश्न साधारण दहा हजार वेळा विचारावा लागतो. तो कोणत्या जोड्यांसाठी आणि कोणत्या क्रमाने विचारायचा, हे शास्त्र जुने आणि पक्के आहे. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथन भाषेसाठी रचलेली ‘टिमसॉर्ट’ ही रीत 2011 मध्ये जावानेही उचलली. जगभर रोज ती वापरली जाते. तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही.

पण आकडे असतील तर मोठा कोण, हे यंत्राला आधीच ठाऊक असते. फड हा आकडा नाही. त्याच्या नोंदीत शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीचा प्रकार, तारीख, उसाची जात, शिवार असे बरेच काही असते. दोन फडांपैकी आधी कोणता, हे यंत्राला काय कळणार? म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक छोटी पद्धत स्वतः लिहून द्यावी लागते. तिच्या हातात दोन नोंदी दिल्या की तिने एक आकडा परत करायचा. पहिली आधी असेल तर उणे, नंतर असेल तर अधिक, दोन्ही सारख्या असतील तर शून्य. जावामध्ये तिला ‘कम्पेअरटू’ किंवा ‘कम्पॅरेटर’ म्हणतात. इतर भाषांत नावे आणि तऱ्हा वेगळ्या, काम तेच.

हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये ही पद्धत चार-सहा ओळींची असते. तोड आधी कुणाची, हे त्या चार-सहा ओळी ठरवतात. बाकीचे हमालीचे काम.

एक जवळचे उदाहरण घ्या. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजचा. अकारविल्हे यादी लावली तर उंब्रज सर्वांत वर आणि शिराळा सर्वांत खाली. स्थापनेच्या वर्षाने लावली तर शके 1566 चा शहापूरचा मारुती वर जातो. कराडहून मोटारसायकलवर निघालेल्या माणसाची यादी तिसरीच. अकरा मारुती तेच, कोणतीही यादी खोटी नाही. नियम बदलला की मान बदलतो, एवढेच.

मारुतींच्या यादीत कुणाचे नुकसान होत नाही. उसाच्या यादीत होते. पुतण्याने लागणीचा प्रकारही आधी मजकूर म्हणूनच तपासला होता. मग क्रम आला आडसाली, खोडवा, पूर्वहंगामी, सुरू. अक्षरांच्या हिशेबाने अगदी बरोबर! ‘ख’ हा ‘प’च्या आधी येतो, एवढ्याच पुण्याईवर खोडवा दुसऱ्या नंबरवर जाऊन बसला. आमच्याकडे ठरले होते आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि शेवटी खोडवा. हाच क्रम योग्य असे मी म्हणत नाही. खोडवा लागणीच्या उसापेक्षा लवकर पक्व होतो, त्याला मागे का ठेवता, असे म्हणणारे आमच्या घरातच आहेत. पण तो वाद माणसांनी बसून मिटवायचा आहे. तो बाराखडीने परस्पर मिटवला, हे कुणाच्या लक्षातही आले नसते.

पंधरा दिवसांचा पेच

तारखा सरळ झाल्यावर दुसरी यादी आली. ती पाहून अण्णांनीच नवी हरकत घेतली आणि ती रास्त होती. टोळी एकदा शिवारात उतरली की आजूबाजूचे फड उरकूनच हलते. आज या टोकाला, उद्या नदीपल्याड, परवा परत इकडे, असे तारखेमागे टोळीला पळवले तर मजूर, बैलगाड्या, ट्रॅक्टर सगळ्यांचेच हाल. अण्णा म्हणाले, ‘‘पंधरा दिवसांचा फरक म्हंजे काय फरक न्हवं. तेवढ्यात असंल तर शिवार बघा. जास्त असंल तर तारीख बघा.’’

ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! गावातला कुणीही जाणता माणूस हेच म्हणेल. पुतण्यानेही तसेच लिहिले : दोन लागणींत पंधरा दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर टोळीच्या वाटेवर आधी येणारे शिवार आधी, नाहीतर जुनी लागण आधी.

मग गंमत सुरू झाली. त्याच 46 नोंदी, पण भरण्याचा क्रम बदलला की यादी बदलायची. सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. एकदा तर प्रोग्रॅम मध्येच बंद पडला आणि पडद्यावर संदेश आला : ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’. म्हणजे तुमचा तुलनेचा नियम मूळ करार मोडतो आहे.

तीन फड घेऊन बघा. पहिला 1 जुलैचा, शिवार तीन नंबरचे. दुसरा 12 जुलैचा, शिवार दोन. तिसरा 23 जुलैचा, शिवार एक. पहिल्या-दुसऱ्यात अकरा दिवस, म्हणून शिवार बघायचे, दुसरा आधी. दुसऱ्या-तिसऱ्यात अकरा दिवस, पुन्हा शिवार, तिसरा आधी. आता पहिला आणि तिसरा. बावीस दिवसांचे अंतर, म्हणून तारीख बघायची आणि पहिला आधी! म्हणजे तिसरा दुसऱ्याच्या आधी, दुसरा पहिल्याच्या आधी आणि पहिला तिसऱ्याच्या आधी. घाण्याचा बैल कुठून निघाला आणि कुठे पोचला, सांगा. अशा नियमाची कोणतीच यादी बरोबर नसते. तिघांपैकी कुणालाही वर ठेवा, त्याच्यावर हक्क सांगणारा दुसरा असतोच.

तुलनेचा करार म्हणतात तो हाच. अ जर बच्या आधी, तर ब हा अच्या नंतरच हवा. अ बच्या आधी आणि ब कच्या आधी, तर अ कच्या आधी हवाच. आणि दोघे सारखे ठरले तर तिसऱ्याशी दोघांचे नातेही सारखेच हवे. यातले मधले कलम मोडायला फार अक्कल लागत नाही. ‘थोडा फरक सोडून द्या’ एवढे म्हटले की ते मोडते.

यात एक मेख आहे. जावा ही गडबड दर वेळी पकडत नाही. 32 पेक्षा कमी नोंदी असतील तर ती तपासणी होतच नाही, आणि जास्त असल्या तरी ती नेमकी हाती लागेलच असे नाही. वीस नोंदींवर चाचणी घेऊन ‘चालतंय’ म्हणणारा प्रोग्रॅम गावाच्या यादीवर कोलमडू शकतो. किंवा न कोलमडता वाटेल ती यादी छापू शकतो, आणि ते जास्त वाईट.

तोड सोपी निघाली. ‘पंधरा दिवसांचे अंतर’ काढून टाकले आणि महिन्याचे ठरलेले पंधरवडे केले. 1 ते 15 एक गठ्ठा, 16 ते महिनाअखेर दुसरा. आधी पंधरवडा, पंधरवडा एकच असेल तर शिवार, शिवारही एकच असेल तर तारीख. आता चक्र होत नाही. पण 15 आणि 16 जुलैच्या दोन शेजाऱ्यांत एका दिवसाने एक जण मागच्या गठ्ठ्यात पडतो आणि कुरकुर करतो. करू दे. ही कुरकुर दिसते, तिच्यावर बोलता येते, पुढच्या वर्षी सीमा हलवता येते. आधीच्या नियमातला अन्याय दिसतच नव्हता.

बरोबरी झाली तर?

‘सारखे’ म्हणून शून्य परत केले की प्रश्न मिटत नाही, तो दुसरीकडे सरकतो. टिमसॉर्टसारख्या रीती बरोबरीच्या नोंदींचा मूळ क्रम जपतात. म्हणजे ज्याची नोंद आधी भरली तो वर. नोंद कुणी आधी भरली? ज्याची गट ऑफिसमध्ये ओळख, त्याची! ठरवून कुणी काही केलेले नसते, तरी तसे होते.

मग बरोबरी फोडायला बरेच जण नाव वापरतात. माझ्या मते हा सर्वांत आळशी उपाय आहे. ‘अ’चे लोक जन्मभर वर आणि ‘ह’चे जन्मभर खाली. त्यातही मराठी अकारविल्हे लावणे दिसते तेवढे सोपे नाही. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. संगणकातल्या युनिकोड क्रमांकांत मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. म्हणून कच्च्या तुलनेत काळे हे काशिदांच्या वर जातात, मराठी कोशाच्या क्रमाने त्यांनी खाली असायला हवे. भाषेनुसार अकारविल्हे लावण्याच्या सोयी प्रोग्रॅमिंगच्या भाषांत असतात, त्या मुद्दाम बोलवाव्या लागतात. आणि आमच्या गावाचे नाव कुणी अनुस्वाराने ‘उंब्रज’ लिहितो, कुणी ‘उम्ब्रज’. वाचणाऱ्याला एकच, यंत्राला दोन गावे.

उलटेही होते. जावात ‘ट्रीसेट’ नावाचा नोंदींचा संच असतो. तो तुलनेत शून्य आले की दोन्ही नोंदी एकच आहेत असे धरतो आणि दुसरी आत घेतच नाही. तुलना फक्त नावावर केली असेल तर एकाच नावाच्या दोन शेतकऱ्यांपैकी एक यादीतून गायब होतो. आमच्या भागात एकच नाव, एकच आडनाव आणि वडिलांचेही एकच नाव असलेली माणसे वाडीवाडीत सापडतात. पुतण्याच्या तिसऱ्या यादीत 46 ऐवजी 45 फड छापून आले ते यामुळेच. मोजले म्हणून कळले. साडेचार हजारांच्या यादीत कोण मोजतो?

बरोबरी कशी फोडायची, हा लहान प्रश्न नाही, हे देशाने 2020 च्या ‘नीट’ परीक्षेत पाहिले. दोन विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 गुण. विषयांचे गुण सारखे, चुकलेली उत्तरे शून्य. नियमात पुढची पायरी वयाची होती. ज्याचे वय जास्त तो पहिला, जिचे कमी ती दुसरी. वयाची ही पायरी योग्य का, यावर बरीच चर्चा झाली आणि 2021 साठी ती वगळण्यात आली. चर्चा होऊ शकली, कारण नियम माहितीपुस्तिकेत आधीच छापलेला होता. पायऱ्या कोणत्या आणि कोणत्या क्रमाने, हे कुणीही वाचू शकत होते. प्रोग्रॅमच्या भाषेत ते सरळ एक कम्पॅरेटरच आहे, फक्त माणसांच्या भाषेत लिहिलेले.

चार ओळी भिंतीवर लावा

माझे म्हणणे एवढेच आहे. जिथे यादीवर माणसाचे उत्पन्न, प्रवेश किंवा पाण्याची पाळी ठरते, तिथे तुलनेचा नियम साध्या मराठीत लिहून गट ऑफिसच्या भिंतीवर लावावा. पूर्ण प्रोग्रॅम कुणी मागत नाही. आधी काय बघता, ते सारखे असेल तर मग काय, नोंद अपुरी असेल तर काय आणि सगळेच सारखे असेल तर शेवटी काय, एवढेच. हंगाम सुरू होण्याआधी आणि मध्येच न बदलता.

अपुऱ्या नोंदीचा मुद्दा मुद्दाम लिहिला. लागणीची तारीखच नसेल तर प्रोग्रॅम लिहिणारा ती नोंद यादीच्या तळाला ढकलतो, कारण ते सोयीचे असते. पण तारीख राहिली कुणामुळे? नोंद घेणारा बांधावर आलाच नाही म्हणून, की शेतकऱ्याने सांगितली नाही म्हणून? तळाला ढकलणे म्हणजे या प्रश्नाचा निकाल चौकशीशिवाय शेतकऱ्याच्या विरोधात देणे.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. नियम उघड केला की लोक त्याचा फायदा घेतील, हा पहिला. खरे आहे. जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो, म्हणून जळिताला कुठेही आधी नंबर द्यावा लागतो. आणि लवकर तोड यावी म्हणून स्वतःच्याच फडाला काडी लावणारे शेतकरीही आहेत. पण ते नियम न छापताही तसे करतात. नियम सगळ्यांना ठाऊक असतोच, फक्त कागदावर नसतो. दुसरा आक्षेप शेतकी खात्याचा : पाऊस पडला, रस्ता चिखलाने बंद झाला, टोळी अर्ध्यावर निघून गेली, तर यादी कशी पाळायची? नका पाळू. पण यादी सोडून तोड दिली तर त्या ओळीपुढे कारण लिहा. ‘रस्ता बंद’ एवढे दोन शब्द पुरेत. खुशाली देऊन नंबर पुढे घेतला जातो तेव्हा त्या रकान्यात काय लिहायचे, याचा विचार संबंधितांनी करावा.

तिसरा आक्षेप मला संगणकवाल्या मित्रांकडून ऐकू येतो. लोकांना हे कळणार नाही, म्हणे. अण्णा सातवी शिकलेले आहेत. कम्पॅरेटर हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पण तारखेची चूक त्यांनी एका नजरेत पकडली, आणि पंधरा दिवसांचा नियम का फिरतो, हे तीन फडांची नावे घेऊन सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे माझंच चुकलं की.’’ इंजिनीअरिंगच्या चौथ्या वर्षातल्या पोराला तेच कळायला दोन रात्री लागल्या होत्या.

सध्या पुतण्याच्या प्रोग्रॅममधला नियम एका वहीच्या पानावर लिहून आमच्या सोप्यात खिळ्याला लावला आहे. आधी जळीत, मग लागणीचा प्रकार, मग पंधरवडा, मग शिवार, मग तारीख, आणि तरीही बरोबरी झाली तर सगळ्यांसमोर चिठ्ठी. तारीख नसलेले फड वेगळ्या कागदावर, बांधावर जाऊन बघेपर्यंत. पानावर दोन ठिकाणी खाडाखोड आहे. दुसरी खाडाखोड खोडव्याच्या जागेवरची. तो सुरूच्या आधी घ्यायचा की नंतर, यावर माझा थोरला भाऊ आणि अण्णा गेले आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत.